बसलेल्या माणसाचं माप

काका म्हणायचे, आमच्या हिला नीट बसलेला कपडा दिसतच नाही. यात काकूंचा फारसा दोष नव्हता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी दुरुस्तीच्या टेबलावर गेली. धड कपडा त्या टेबलावर यायचाच नाही. एक बाही लांब, एक आखूड, कॉलर तिरकी, खिसा थेट काखेत चढलेला. असा माल ढिगाने यायचा आणि काकूंच्या हाताखालून माणसांत जायचा. पुढे नोकरी सुटली, पण नजर तिथंच राहिली. दवाखान्यात नंबर लावून बसल्या, की पडद्याची निघालेली शिवण बघून त्यांना चैन पडेना. पर्समध्ये सुईदोरा असायचाच. डॉक्टरांनी हाक मारली तेव्हा काकू स्टुलावर उभ्या राहून पडद्याला टाके घालत होत्या, हे खरं. ‘काय त्रास होतोय?’ या प्रश्नाला त्यांनी ‘तुमच्या पडद्याचा’ असं उत्तर दिलं, हे मात्र काकांनी मागाहून घुसडलेलं.

त्यांचं लग्नही दुरुस्तीतूनच जमलं. काका तेव्हा बसवर नवे ड्रायव्हर होते आणि काकू रोज त्याच बसने कारखान्यात जायच्या, पहिल्या सीटवर बसून. उभे असले की काका अगदी ऐटबाज दिसायचे. स्टेअरिंगवर बसले, की पँट सरकून पोटऱ्या उघड्या पडायच्या. काकूंनी काही दिवस सोसलं. मग एकदा शेवटच्या थांब्यावर, सगळे उतरल्यावर, त्या टेप घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, “उठू नका. बसल्या जागीच माप घेते.” काका अजून सांगतात, की आपण त्यानंतर उठलोच नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सुनेचं मात्र तसं झालं नाही.

मुलगा नि सून चार दिवस राहायला आले होते, सून येताना दोन नवे ड्रेस घेऊन. काकूंनी इस्त्रीला घेतले तर काय, नुसती पोती! बाजूने हा एवढा झोळ. सून आंघोळीला गेली होती. काकूंनी दोन्ही ड्रेस बाजूंनी आत घेतले, सुबक टीप मारली, जादा कापड कापून टाकलं आणि पलंगावर घडी करून ठेवले. सुनेने घालून पाहिलं. आरशासमोर जरा वेळ उभी राहिली. “चालेल, आई,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगा नि सून परत गेले. मग फोन आला मुलाचा. “आई, तिला तिसरा महिना आहे. पुढचं बघून घेतले होते तिने ते ड्रेस. रात्री जेवताना तुम्हाला सांगणार होती. तू एकदा विचारायचंस तरी!”

नातू झाला. काकू दवाखान्यात जाऊन बघून आल्या. सून गोड बोलली, पण घरी यायचा विषय निघाला की “बघू, आई.” नातू आता बसायला लागला होता, तो फोनच्या पडद्यावर. काकूंच्या मांडीवर नव्हे.

तेव्हापासून काकूंनी ठरवलं होतं, विचारल्याशिवाय कुणाच्या कपड्याला हात लावायचा नाही. कुणाची वाकडी दुमड दिसली, की त्या दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवत. गल्लीतल्या बायकांना वाटे, काकूंची पाठ धरलीय. या आठवड्यात मुलाचा फोन आला होता, “रविवारी बहुतेक येऊ. पण तिने अजून नक्की सांगितलेलं नाही.” काकूंनी घर झाडून-पुसून ठेवलं होतं आणि त्या ‘बहुतेक’ या एका शब्दावर दिवस काढत होत्या.

अशात शुक्रवारी सायकलवाली आली.

सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या लोकांना रात्रीपुरती जागा देणाऱ्यांची काहीतरी यादी असते. मुलाने त्यात यांचं नाव घालून दिलं होतं. घर चढ सुरू होण्याआधीचं शेवटचं, म्हणजे सोयीचं. काकांना तर हवंच होतं. नोकरीत जन्मभर सायकलवाल्यांच्या पाठीमागे हॉर्न वाजवला. आता तेच लोक अंगणात आले की काका त्यांची सायकल भिंतीला अशी टेकवून ठेवत, जशी काही काचेची आहे. भंगारात निघालेल्या बसची एक दोघांची सीट त्यांनी ओसरीत आणून ठेवली होती. पाहुणा आधी त्या सीटवर बसायचा. उन्हाळ्यात तीन-चार जण येऊन गेले होते, सगळे अर्ध्या चड्डीत. त्यांच्या अंगावर काकूंनी दुरुस्त करावं एवढं कापडच नव्हतं.

ही बाई म्हणे नर्स होती. रजा काढून एकटीच निघालेली. दुपारी पोचते म्हणाली होती. दुपार गेली, गारांचा पाऊस येऊन गेला, दिवे लागायची वेळ झाली, तरी पत्ता नाही. काका छत्री घेऊन वळणापर्यंत जाऊन आले, परत गेले. शेवटी आले ते सायकल ढकलत, आणि मागून ती, एक पाय जरा ओढत.

काकूंनी तिच्या चेहऱ्याआधी तिचे कपडे पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर चिखल. उजव्या पायाला चेनचं काळं. पिवळ्या रेनकोटचं डावं कोपर फाटून आतून तिचं खरचटलेलं कातडं दिसत होतं. छातीवर गढूळ पाण्याचा फराटा.

“पंक्चर काढलंस गुडघ्यांवर बसून,” काकू म्हणाल्या, “चेन पडली, मग डाव्या अंगावर तू पडलीस, आणि कुठल्यातरी मोठ्या गाडीने अंगावर पाणी उडवलं. ये आत.”

“काकू, तुम्ही मागून येत होतात की काय?”

“ट्रक असेल,” काका घाईने म्हणाले. “ट्रकवाल्यांना माणूस दिसत नाही.”

“बस होती,” ती म्हणाली.

काका गरम पाणी काढायला आत गेले.

आंघोळ करून, काकूंचा घरातला गाऊन घालून ती बसच्या सीटवर बसली तेव्हा जरा माणसात आली. कोपराला तिने स्वतःच औषध लावलं, पट्टी बांधली. काकूंना नुसतं टोक धरायला दिलं. जेवताना मात्र तिचं तोंड सुरू झालं ते थांबेना. दिवसभर कुणाशी बोललेली नव्हती ना.

“पूल बंद! पाटी कुठे लावलीय, तर पुलापाशी. आधी सांगायला काय जातं? तिथून मागे फिरून खडीच्या रस्त्याने आले. त्या खडीत पंक्चर. ट्यूब बदलली, पंप मारला, दोन वळणं गेले नाही तर परत हुस्स. वारा तर असा समोरून, की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. उतारावर, काका! मी तर मोठ्याने भांडायलाच लागले वाऱ्याशी.”

“वारा काय म्हणाला?”

“तो कशाला बोलतोय? आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांसारखा. आपलं तेच खरं.” तिने तिसरा पाव घेतला, सुपात बुडवला. “मग गारा. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबतेय की नाही तेच कळेना. वळणावर गेलेच मी. पडले, आणि पडल्या पडल्या पहिला विचार काय आला, तर बरं झालं, जरा आडवं व्हायला मिळालं.”

काका हसून हसून ठसकले. काकूही हसल्या, पण त्यांचं अर्धं लक्ष दोरीवर टाकलेल्या रेनकोटकडे होतं.

“सिस्टर,” काका डोळे पुसत म्हणाले, “तो कोट रात्री उशाला घेऊन झोपा. या घरात कपडे जेवढे येतात तेवढेच बाहेर जात नाहीत. आमच्या सुनेला विचारा.” आणि त्यांनी सगळी हकीकत सांगून टाकली. ड्रेस, तिसरा महिना, रविवार, सगळं.

काकूंनी सुपाचं भांडं उचललं. “झालं सांगून? वाढू आणखी, की एवढ्याने पोट भरलं?”

पाहुणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “काकू,” ती म्हणाली, “सकाळी एवढं कोपर शिवून द्याल का हो? पुढचा रस्ता धरणाच्या काठाकाठाने आहे, वारा फार असतो म्हणतात. मी टाके घालते, पण माणसांना. कापडाला जमत नाही.”

“देते की,” काकू म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटलं. कुणीतरी विचारलं होतं.

सकाळी पाहुणी उठायच्या आत काकू मशीनवर बसल्या. कोपराला आतून जुन्या छत्रीच्या कापडाचा तुकडा लावला, वरून बारीक टीप मारली, शिवणीवर मेणबत्ती घासली, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये. काम झकास झालं. इथं थांबायला हवं होतं.

पण कोट झटकून टेबलावर पसरला आणि काकूंना धक्काच बसला. मागचा भाग पुढच्यापेक्षा वीतभर लांब! कमरेखाली शेपटासारखा लोंबणारा. बाह्यांचं तर विचारूच नका. काकूंनी अंगात घालून पाहिला तर बोटं आतल्या आत. हा माल तपासून सोडला कुणी? त्यांच्या टेबलावर आला असता, तर कापणाऱ्याला वर बोलावून घेतलं असतं.

काकूंनी हात पाठीमागे बांधले. कोटाकडे पाठही करून पाहिली.

मग त्यांच्या मनात आलं, अरे, असल्या बाह्या बोटांवर येत असतील, म्हणून तर ब्रेक दाबला गेला नाही! पोरगी म्हणते गारठ्याने. तिला काय कळतंय? कपड्याने पडली बिचारी. आज धरणाकडेला पुन्हा पडली म्हणजे? आणि शिवून द्या, असं ती आपल्या तोंडाने म्हणाली होती. कोपरच शिवा नि बाहीला हात लावू नका, असं काही म्हणाली नव्हती.

पाठीमागचे हात कधी सुटले ते काकूंना कळलं नाही. जाड कापड दुमडून सुई जाईना, म्हणून कापावंच लागलं. दोन्ही बाह्यांचे दोन पट्टे आणि पाठीचं शेपूट चिंध्यांच्या टोपलीत पडलं. कोट आता बघत राहावं असा झाला होता.

चहा पिऊन पाहुणीने कोट अंगात घातला. बाही बरोबर मनगटाशी, पाठ बरोबर कमरेशी. ती क्षणभर आपल्या हातांकडेच बघत राहिली.

“कोपर किती छान शिवलंय,” ती म्हणाली.

“आणि बाकीचं?” काकूंना राहवेना. “आता कसा अंगाबरोबर आहे! आधी नुसता झगा होता.”

“हो. आहे खरा,” पाहुणी म्हणाली आणि हसली.

काकांनी सायकल अंगणात आणून सामान बांधून ठेवलं होतं. ती सायकलच्या सीटवर बसली, पुढे वाकली आणि दोन्ही हात लांब करून हँडल धरलं.

बाह्या सरसर मागे गेल्या. मनगटं उघडी, त्याच्या वर अर्धा हात उघडा. पाठ वर चढली आणि कमरेवर आतल्या बनियनची पट्टी दिसायला लागली. त्याच वेळी चढावरून गार वारा आला. तिच्या अंगावर काटा आला तो काकूंना तीन पावलांवरून दिसला.

काका आकाशाकडे बघायला लागले.

“चालेल, काकू,” पाहुणी म्हणाली. “आत स्वेटर घालते की मी. काही बिघडत नाही.”

तो आवाज काकूंनी ओळखला. असाच हलका, असाच गोड आवाज त्यांनी आधी एकदा ऐकला होता, आरशासमोरून. ‘चालेल, आई.’ त्या वेळी त्यांनी तो खराच धरला होता. आज त्या आवाजाखाली उघडी पडलेली दोन मनगटं त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

“नाही चालत,” काकू म्हणाल्या. “हे तू असंच घालून गेलीस, तर पहिल्याच उतारावर तुझी बोटं जातील. नाही चालत, तर नाही चालत म्हण ना! मी काय खाते का तुला?”

पाहुणीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “म्हणा, सिस्टर. मला हिंमत नाही.”

“नाही चालत, काकू,” ती म्हणाली, आणि एकदम तिला हसू फुटलं. “अहो, शेपूट मुद्दाम असतं ते! वाकल्यावर पाठ झाकायला. बाह्यासुद्धा. दुकानात मी फरशीवर सायकल चालवल्यासारखं करून निवडला होता तो. लोक बघत होते.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “आणि मी म्हणते, कापणारा दारू पिऊन आलेला.”

“अगं, माझी पँट विसरलीस?” काका म्हणाले. “तेव्हा बरं बसवून माप घेतलंस.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. खरंच की. त्या वेळी पहिल्या सीटवरून त्या रोज त्या माणसाकडे बघत होत्या. तो कसा बसतो, कसा वाकतो, ब्रेकवर पाय गेला की पँट कुठवर सरकते, सगळं पाठ होतं. नंतर एवढी वर्षं कपडे टेबलावर आडवे येत राहिले. त्यांच्यात माणूस नसायचाच.

पाहुणी सायकलवरून उतरायला लागली.

“उतरू नकोस,” काकू म्हणाल्या. “अहो, सायकल धरा घट्ट. हलली तर बघा.” आत जाऊन त्या टेप, खडू, टाचण्या आणि चिंध्यांची टोपली घेऊन आल्या. पट्टे, शेपूट सगळं जागेवर होतं. “वाक. जशी चालवतेस तशी वाक. लाजू नकोस.”

पाहुणी वाकली. काका हँडल धरून समोर उभे, बस थांब्यावर उभी करून तिकिटं संपायची वाट बघावी तसे. काकूंनी पट्टा मनगटावर धरला.

“इथवर?”

“थोडं खाली.”

“इथं?”

“हं. ब्रेक दाबून बघू का? नाही, आणखी जरासं.”

“पाठ?”

“शेपूट होतं तेवढंच.”

“जोड दिसेल हं. कापलेलं पहिल्यासारखं होत नाही.”

“दिसू दे,” पाहुणी म्हणाली.

“बसचा पत्रा कितीही ठोकला, तरी—” काका सुरू झाले.

“तुम्ही सायकल धरा,” काकू म्हणाल्या.

सगळं होईपर्यंत उन्हं वर आली. पाहुणीने दुसरा चहा घेतला, मशीनशेजारी स्टुलावर बसून शिवणीवर मेणबत्ती घासायचं काम तिनेच केलं. निघताना तिने काकूंना मिठी मारली. चढाच्या पहिल्या वळणावर ती दिसेनाशी होईतो पिवळा कोट दिसत होता, पाठीवर आडव्या जोडासकट. मनगटं झाकलेली होती.

काकू आत आल्या आणि फोन घेऊन बसल्या. एरवी त्या मुलाला फोन लावायच्या आणि सुनेची चौकशी त्याच्याकडे करायच्या. आज त्यांनी सुनेलाच लावला.

“बोला, आई.” आवाज जपून आलेला.

“ऐक. मी आज काय करून बसले ते तुला सांगायचंय.” आणि काकूंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. रेनकोट, शेपूट, कापणाऱ्याला घातलेल्या शिव्या.

पलीकडून सुनेने विचारलं, “पाठसुद्धा कापलीत?”

“पाठसुद्धा.”

“आई!” आणि सून हसली. मोठ्याने हसली, मागे बाळही उगाच ओरडलं. काकू कानाला फोन लावून ते दोन्ही आवाज ऐकत बसल्या.

हसणं थांबल्यावर काकू म्हणाल्या, “ते तुझे दोन ड्रेस. टाकून दिलेस?”

“नाही. आहेत कपाटात.” सून म्हणाली. “होत नाहीत आता. त्या दिवशी मी बोलले नाही, पण मला फार लागलं होतं. एवढं आवडून घेतले होते.”

“लागणारच. तू ‘चालेल’ म्हणालीस आणि मी खूश. बाजूला पट्टी जोडून सैल होतील ते. जोड दिसेल. तुला नको असेल तर नको. मी विचारतेय.”

“बघू, आई,” सून म्हणाली. पण हे ‘बघू’ जरा वेगळं होतं, असं काकूंना वाटलं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, बघू म्हणजे बघूच.

रविवारी उन्हं उतरताना गाडी अंगणात थांबली. आधी मुलगा उतरला, मग सून, बाळाला कडेवर घेऊन. तिच्या खांद्याला एक पिशवी होती आणि पिशवीतून निळ्या कापडाची कड डोकावत होती. कापड काकूंनी लगेच ओळखलं. सुनेच्या आताच्या कुडत्याचा खांदा उतरत होता, बाळ ओढत होतं म्हणून. आणि बाळाचं झबलं गळ्यापाशी इतकं ढगळ होतं, की कुणालाही बघवलं नसतं.

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरले.

सून पुढे आली. तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जरा वाकून पाठीमागच्या हातांकडे.

“आता आधी याला घ्या,” ती म्हणाली. “माप मग घ्या. पण बसून घ्यायचं हं, आई. मी दिवसभर याला घेऊन बसलेलीच असते.”

काकूंनी हात सोडले.